भिंतीपलीकडची लस

आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की माझ्या नाकात आधी चिखलाचा वास येतो आणि त्याच्या पाठोपाठ स्पिरिटचा. मी आता नाशिकला इंदिरानगरात राहते. इथं ना खाचर, ना दवाखाना. तरी आषाढाच्या मध्यावर कधीतरी सकाळी उठल्या उठल्या हे दोन वास एकदमच येतात आणि दिवसभर अंगाला चिकटून राहतात.

गेल्या आठवड्यात बहिणीकडे घोटीला निघाले होते. वाडीवऱ्हे मागे पडलं आणि बसच्या दोन्ही बाजूंना खाचरं सुरू झाली. प्लास्टिकचे कागद पांघरलेल्या बायका ओळीनं वाकून रोपं लावत होत्या. खाचरातल्या पाण्यात आभाळ उतरलेलं आणि त्या आभाळात बायकांचे हात मनगटापर्यंत बुडालेले. शेजारच्या सीटवरची कॉलेजातली मुलगी मोबाइल काचेला लावून फोटो काढत होती. "किती छान दिसतंय ना, काकू?" ती म्हणाली. मी हो म्हणाले. दिसत छानच होतं. पण माझं लक्ष बायकांकडे नव्हतं, बांधावरच्या वाढलेल्या गवताकडे होतं. त्या गवतात घोणस असते.

मी परिचारिका होते. नोकरीची बरीच वर्षं घोटीच्या पलीकडच्या, डोंगराच्या अंगानं वसलेल्या एका गावातल्या ग्रामीण रुग्णालयात गेली. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावाचा काही दोष नाही. आवणीच्या दिवसांत रुग्णालयाच्या व्हरांड्यात चिखलाची पावलं उमटायची. हिराबाई, आमच्याकडची सफाईची मावशी, ती पावलं पुसून काढायची आणि लगेच नवी उमटायची. "शेतच आत आलंय, सिस्टर," ती म्हणायची. दुपारच्या सुमारास एखादी मोटरसायकल गेटातून आत यायची. चालवणारा एक, मागं बसलेला एक आणि दोघांच्या मध्ये मान टाकलेलं तिसरं माणूस. पायाला ओढणी नाहीतर टॉवेल करकचून बांधलेला. लांबूनच कळायचं, साप.

त्या वेळी आमचे वैद्यकीय अधीक्षक होते निकम सर. त्यांच्याविषयी वाईट बोलणारा माणूस पंचक्रोशीत शोधून सापडला नसता. म्हाताऱ्यांना ते "काय बाबा" म्हणून हाक मारायचे, पोरांना टेबलाच्या खणातून गोळ्या द्यायचे. त्यांच्या हाताला गुण होता, हे मी स्वतः पाहिलंय. नुसता हात धरून ताप कशाचा आहे ते सांगायचे. कुणावर आवाज चढवायचा नाही, कुणाची रजा अडवायची नाही. संध्याकाळी त्यांच्या केबिनमध्ये आमचा सगळ्यांचा चहा व्हायचा आणि तिथं घरचं, दारचं, लेकरांचं सगळं बोलणं व्हायचं. कागद समोर आला की ते सही करायचे. कागदावर काय आहे ते वाचत बसायचे नाहीत. "तुम्ही केलंय ना, मग बरोबरच असेल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. विश्वास टाकणारा साहेब म्हणून आम्हाला त्याचं केवढं कौतुक होतं.

सापाचा पेशंट आला की सर खुर्चीतून ताडकन उठायचे. रुग्णवाहिका जागेवर नसली (आणि ती बहुतेकदा नसायचीच), तर स्वतःची गाडी काढायचे. पेशंटला मागच्या सीटवर घालायचे, एक नातेवाईक सोबत, आणि हॉर्नवरचा हात न काढता महामार्गानं नाशिककडे. आम्ही फाटकात उभं राहून बघत राहायचो. गाडी वळणाआड गेली की कुणीतरी हात जोडायचं. काही जण वाचायचे. काही जण वाटेतच जायचे. जे जायचे त्यांच्या घरी सर दहाव्याला जाऊन बसायचे.

हिराबाईची सुमन अशीच गेली. लग्न ठरलेलं होतं, मंडपाची तारीख दिवाळीनंतरची. शेजाऱ्यांच्या खाचरात आवणीला गेली होती, हसत हसत रोपांची मूठ सोडायला वाकली आणि बांधावरून खाली लोंबलेल्या गवतात हात गेला. तिला आणली तेव्हा ती शुद्धीवर होती. मला म्हणाली, "सिस्टर, आईला एकदम सांगू नका." पण आई तिथंच होती, हातात ओला फडका घेऊन उभी. सरांनी गाडी काढली. हिराबाई मागं लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. विल्होळीच्या पुढे सुमनच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि पाथर्डी फाटा यायच्या आत सगळं संपलं. सरांनी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. हे हिराबाईनंच आम्हाला सांगितलं, आणि ते सांगताना तिच्या बोलण्यात दुःखाच्या जोडीला अभिमानही होता. एवढा मोठा डॉक्टर तिच्या पोरीसाठी रडला होता. त्या वर्षी नवा तांदूळ झाला तेव्हा त्यातला पहिला सरांच्या घरी गेला.

पुढच्या उन्हाळ्याच्या आधी सर निवृत्त झाले. निरोपाला अख्खं गाव लोटलं होतं. आणि त्यांच्या जागी आहेर मॅडम आल्या.

मॅडम बागलाणातल्या. बारीक अंगाच्या, चेहऱ्यावर हसू कमी. पहिल्या आठवड्यात त्या केबिनमध्ये बसल्याच नाहीत. बाहेर, पेशंट बसतात त्या बाकावर बसून राहायच्या आणि बघायच्या. आम्हाला वाटलं, आपल्या चुका काढायला बसल्यात. मग एकेकाला बाजूला घेऊन दोनच प्रश्न विचारले. "तुमचं काम काय?" आणि "ते करताना कुठं अडतं?" पहिल्याचं उत्तर सगळ्यांना देता आलं. दुसरा प्रश्न आम्हाला आजवर कुणी विचारलाच नव्हता. मी तर "कुठं नाही" म्हणून मोकळी झाले. त्या म्हणाल्या, "उद्या सांगा. विचार करून सांगा."

संध्याकाळचा चहा बंद झाला. म्हणजे त्यांनी बंद केला नाही, पण त्या स्वतः कधी बसल्या नाहीत, त्यामुळे मोडला. माझ्या मुलाचं कसं चाललंय हे त्यांनी मला शेवटपर्यंत विचारलं नाही. डॉक्टर म्हणूनही त्या साधारण होत्या. शीर सापडायची नाही. "हे मला येत नाही. तुम्हाला येतं, तुम्ही करा," असं सरळ म्हणायच्या, आणि आम्हाला ते ऐकताना त्यांचीच लाज वाटायची. जेवणाच्या सुट्टीत फोनवर आईशी अहिराणीत बोलायच्या तेवढाच काय तो त्यांचा आवाज मऊ व्हायचा. "बठ्ठं बरं शे, माय." सगळं बरं आहे, एवढंच. बाकी दिवसभर कोरडेपणा. आम्ही मनातून निकम सरांना आठवायचो आणि कुजबुजायचो.

मे महिन्यात त्यांनी औषधांची खोली उघडून सगळं बाहेर काढायला लावलं. किल्ली स्टोअरच्या जाधवांकडे असायची, आणि जाधवांना आठवड्यातले निम्मे दिवस दुसऱ्या केंद्रावर पाठवलेलं असायचं. ते तिकडे गेले की किल्लीही तिकडे. मॅडमनी दुसरी किल्ली करून घेतली आणि ड्युटीवरच्या सिस्टरच्या हातात दिली. तातडीच्या खोलीत एक कपाट रिकामं केलं. त्यात काय काय मांडायचं ते स्वतः उभं राहून मांडून घेतलं. मग सराव. वॉर्डबॉय बाळूला टेबलावर झोपवायचं, पायाला पट्टी बांधायची आणि "साप चावलाय" म्हणून सगळ्यांनी आपापल्या जागी धावायचं. बाळूला हसू आवरायचं नाही. आम्हालाही नाही. मॅडम हसायच्या नाहीत. "पुन्हा," म्हणायच्या. "ऑक्सिजनपाशी दोघं गेले, रक्त घ्यायला कुणीच नाही. पुन्हा."

एकदा मी न राहवून म्हणाले, "मॅडम, सापाच्या विषावरची लस द्यायची म्हणजे अंगावर उलटूही शकते. म्हणून तर इथं देत नाहीत, नाशिकला पाठवतात."

"मलाही भीती वाटते त्याची," त्या म्हणाल्या. "म्हणून तर सराव. उलटली तर काय करायचं ते आत्ताच हाताला शिकवायचं. पेशंट गाडीत असताना उलटायलाही लस नसते, सिस्टर."

त्या वर्षी आवणी जोरात सुरू होती त्या एका दुपारी वेणूला आणलं. पलीकडच्या वाडीतली, दोन लेकरांची आई. घोणसच, पाय घोट्यापर्यंत सुजून चकाकत होता. तिचा नवरा फाटकातूनच ओरडत आला, "गाडी काढा, नाशिकला न्यायचंय!" त्यालाही तोच रस्ता माहीत. मॅडम म्हणाल्या, "गाडी नंतर. आधी आत."

मी शीर धरली. रक्त काचेच्या नळीत घेऊन ठेवलं. ते गोठतंय का बघायचं असतं. ठरलेला वेळ झाल्यावर मॅडमनी नळी तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहून आलं. गोठलंच नव्हतं, म्हणजे विष भिनलं होतं. त्यांनी कपाटाकडे हात केला. हिराबाई कपाटाला सगळ्यांत जवळ होती. तिनं खोकं काढलं आणि तसंच हातात धरून उभी राहिली.

"मावशी, द्या ना," मी म्हणाले. ती हलेना. मी खोकं तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. लस सुरू झाली. वेणूला थंडी वाजून आली, अंगावर पित्त उठलं. ज्याची भीती होती तेच. पण सगळ्यांचे हात आपोआप चालत होते. बाळूनं पाय धरले, मी इंजेक्शन भरलं, मॅडमचा आवाज एका पट्टीत चाललेला, आणि हळूहळू तिची थरथर थांबली. लस पुन्हा सुरू केली. दिवस मावळायच्या आधी वेणूनं पाणी मागितलं. तिच्या नवऱ्याला वाटलं, आता तरी गाडी निघेल. त्याला समजावून सांगावं लागलं की आता गाडी लागणार नाही.

मी हात धुऊन ट्रे आवरत होते. हिराबाई दारात आली.

"सिस्टर, हे खोकं नवीन आलंय का?"

"मॅडमनी मागवलं असेल, मावशी."

"नाय," ती म्हणाली. "हे मी पुसलंय."

मला समजलंच नाही. ती आत आली आणि रिकामं खोकं उचलून त्याचा एक कोपरा माझ्यासमोर धरला. उंदरानं कुरतडलेला. "त्या खोलीत दर शनवारी मीच झाडायची, पुसायची. जाधवभाऊ उभे ऱ्हायचे. हे खोकं उचललं तवा त्ये म्हणले व्हते, मावशी, दमानं, आत काचा हायेत. मला वाचता येत नाय, पण हा कोपरा मी वळखते. सुमी तवा होती, सिस्टर. घरी होती. मी त्या सांजेला जाऊन तिला सांगितलं व्हतं, उंदरांनी दवाखाना बी सोडला नाय म्हणून. लय हसली व्हती."

मी ट्रेमधल्या सिरिंजा लावत होते. लावलेल्या पुन्हा काढल्या आणि पुन्हा लावायला लागले.

"मंग सुमीला का नाय दिलं?"

तिनं आवाज चढवला नव्हता. एखादी वस्तू कुठं ठेवलीय ते विचारावं तसं विचारलं होतं. मी खोक्यावरची छापील तारीख पाहिली. पुन्हा पाहिली. लस सुमनच्या आवणीच्या कितीतरी आधी बनलेली होती. ज्या दुपारी सरांची गाडी हॉर्न वाजवत फाटकाबाहेर पडली, त्या दुपारी ती सरांच्या केबिनच्या भिंतीपलीकडे, मांडणीवर, हिराबाईनं पुसून ठेवलेली होती.

धक्का बसला म्हणजे माणूस ओरडतो असं म्हणतात. मी त्या संध्याकाळी बसनं घरी आले, कुकर लावला, भाजी चिरली. जेवताना मुलगा काहीतरी सांगत होता, मी मान हलवत होते.

पुढचे काही दिवस मी हे कसं झालं ते शोधत राहिले. कुणीतरी हरामखोरी केली असेल, कुणीतरी लपवलं असेल, असं मनाला सापडायला हवं होतं. तसं काहीच सापडलं नाही. फार वर्षांपूर्वी एकदा लशीचा तुटवडा झाला होता. तेव्हा सापाचा पेशंट नाशिकला पाठवायचं ठरलं. पुढे तुटवडा संपला, लस नेमानं येऊ लागली. पाठवायची सवय राहिली. डॉक्टरांना वाटायचं, लस नाही. जाधवांना वाटायचं, लस आहे पण डॉक्टर मागत नाहीत म्हणजे इथं द्यायची नसेल. जाधव मला म्हणाले, "सिस्टर, मला वाटायचं भीतीमुळे देत नाहीत. मी साधा माणूस, डॉक्टरांना काय सांगणार?" आणि आम्ही सिस्टर? आम्ही फाटकात उभं राहून गाडीला हात जोडत होतो. कुणीच वाईट नव्हतं. सगळे आपापलं काम करत होते. दोन कामांच्या मध्ये जी जागा असते ती कुणाचीच नव्हती, आणि सुमन त्या जागेत मेली.

मी हे मॅडमना सांगितलं. "मावशींना रजा द्या," त्या म्हणाल्या. मी दारापर्यंत गेल्यावर पुन्हा हाक मारली. "थांबा. त्यांना काय हवंय ते आधी विचारा."

मी विचारलं. हिराबाईला रजा नको होती. "मला त्या कपाटाच्या खोलीत लावा," ती म्हणाली. "किल्ली कुणाकडं, सिस्टर कुठं, नळी धुतली का, एवढं मी बघंन." मॅडमनी तिला त्या खोलीवर लावलं. तिचं सांत्वन केलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. पण सरावाच्या दिवशी आम्हा सगळ्यांच्या आधी हिराबाईला विचारू लागल्या, "मावशी, सुरू करायचं?"

त्या हंगामात आमच्या फाटकातून साप चावलेलं माणूस आत आलं की चालत बाहेर जायचं. एकही दगावलं नाही. हे वाक्य लिहायला सोपं आहे. ते घडत असताना मात्र प्रत्येक वाचलेल्या माणसामागं मला एक गेलेलं माणूस दिसायचं. वेणू घरी जाताना तिची दोन लेकरं तिच्या पदराला धरून चालली होती. मला त्यांच्या मागून ठाकरवाडीची ती मुलगी चालताना दिसली, जी आई गेल्यावर शाळा सोडून धाकट्या भावाला कडेवर घेऊन दवाखान्यात यायची. आईला साप चावला, पोरीची शाळा सुटली, भाऊ अशक्त राहिला, बापानं घर मोडून वीटभट्टीची वाट धरली. एका बंद खोलीतून निघालेली गोष्ट कुठल्या कुठं जाते. आणि उघड्या खोलीतूनही जाते. डोंगरातला जो भगत आधी मंत्र घालत बसायचा, तो श्रावणात स्वतःच एका पोराला मोटरसायकलवर घालून घेऊन आला. "तुमच्याकडं देतात म्हणं आता," म्हणाला. आधी तो मंत्र का घालायचा, तर आम्ही काही देत नव्हतो म्हणून.

माझा एक भाचा पुण्यात व्यवस्थापनाचं शिकला. त्याला हे सगळं सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, "पण मावशी, मॅडमनी नेमकं केलं काय?" मला सांगताना ते इतकं थोडं वाटलं की मीच गोंधळले. दुसरी किल्ली. एक कपाट. बाळूला टेबलावर झोपवणं. नवीन इमारत नाही, जादा डॉक्टर नाही. तो म्हणाला, "एवढंच?" मी म्हणाले, "एवढंच. हाच तर धक्का आहे." मोठं काही लागलं असतं तर मनानं समजूत घालून घेतली असती, नव्हतं आपल्याकडे, काय करणार. इथं सगळं होतं.

दिवाळी झाली, नवा तांदूळ आला. हिराबाई मला म्हणाली, "सरांकडं जायचंय. तुमी चला."

निकम सर इंदिरानगरातच राहायचे, माझ्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. आम्हाला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. हिराबाईला त्यांनी सोफ्यावर बसायला लावलं. त्यांच्या पत्नीनं पोहे केले. सरांनी एकेकाची चौकशी केली. बाळूच्या वडिलांचा गुडघासुद्धा त्यांच्या लक्षात होता. हिराबाईनं ताटली खाली ठेवली.

"सर, एक इचारू?"

"अगं, विचार ना."

"सापाची लस आपल्या दवाखान्यात व्हती का? सुमीच्या टायमाला?"

"नव्हती ना गं," सर लगेच म्हणाले. "असती तर मी कशाला..."

"व्हती, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, मला बोलावं लागणार नाही. "स्टोअरमध्ये होती, सर," मी म्हणाले. "मांडणीवर. तुमच्या केबिनच्या भिंतीपलीकडे. यंदा आम्ही तीच वापरली."

सर उठले. कुठं जायचं ते न कळल्यासारखे उभेच राहिले आणि पुन्हा बसले. त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. पकडलेल्या माणसाचा असतो तसा तो नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या भिंतीला पाठ लावून बसलेला माणूस, भिंतीपलीकडे काय आहे ते त्याला आत्ता कळत होतं.

"मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले. मग वेगळ्याच आवाजात, "मी कुणाला विचारलं नाही."

त्यांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन तशाच थांबल्या होत्या.

हिराबाई म्हणाली, "सर, तुमी त्या दिशी लय जोरात गाडी चालवली. त्ये मी मरेपातूर इसरणार नाय. पण गाडी काढायची गरज नव्हती."

एवढं बोलून ती उठली. तिनं सरांना नमस्कार केला. रागानं नाही आणि नेहमीसारखाही नाही. सर दारापर्यंत आले आणि मला हळूच म्हणाले, "सिस्टर, सुमनसारखे माझ्या गाडीत आणखी कोण कोण होते?" मला नावं पाठ होती. मी सांगितली नाहीत. त्यांनी पुढे ती कुठून तरी मिळवली.

ते मला नंतर कधीतरी बागेतल्या बाकावर भेटले तेव्हा त्यांनी सांगितलं. ते त्या घरांकडे गेले होते. खरं सांगायचं ठरवून. पहिल्या घरी त्यांना बघताच म्हातारी पायाशी वाकली. "सर, तुम्ही माझ्या पोरासाठी लय धावलात." चहा झाला, शेजारपाजार गोळा झाला, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. दुसऱ्या घरी त्यांचा फोटो देवांच्या शेजारी लावलेला होता. "तिसरं घर मला लांबून दिसलं," सर म्हणाले. "मी तिथूनच परत फिरलो." मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. माझा त्यांच्यावर राग होता, आणि त्यांच्याइतका प्रेमळ साहेब मला दुसरा भेटला नाही, हेही खरंच होतं. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, हे अजूनही मला नीट पचत नाही.

आहेर मॅडमविरुद्ध तक्रार झाली. वागणूक बरोबर नाही, कर्मचाऱ्यांना यंत्रासारखं वागवतात, गावातल्या प्रतिष्ठितांना बाकावर बसायला लावतात. त्यातलं खोटं काहीच नव्हतं. पुढचा एक पावसाळा त्या होत्या. मग पेठच्या बाजूला बदली झाली. निरोपाचा कार्यक्रम कुणी ठेवला नाही. हिराबाईनं त्यांची बॅग स्टँडपर्यंत नेली, मी सोबत होते. बस लागली तेव्हा हिराबाईला काहीतरी बोलायचं होतं, पण तिला ते जमेना. मॅडमनाही जमलं नाही. खिडकीतून त्यांनी एवढंच विचारलं, "मावशी, दुसरी किल्ली कुठंय?" हिराबाईनं कमरेची दाखवली. बस निघाली. त्या दोन पावसाळ्यांत मॅडमच्या डोळ्यांत पाणी पाहिलं ते त्याच वेळी.

मला वाटलं होतं, आता सगळं पुन्हा पहिल्यासारखं होणार. नवे साहेब आले, ते गेले, आणखी आले. मीही निवृत्त झाले. दर आवणीत मला ती धास्ती असते. परवा घोटीहून परत आल्यावर राहवेना म्हणून हिराबाईला फोन लावला. ती अजून तिथंच आहे.

"मावशी, आवणी कशी चाललीय?"

"जोरात."

"कुणी आलं होतं का सापाचं?"

"आली व्हती ना, वरल्या वाडीची पोरगी. घोणसच होती. काल गेली घरी."

"गेली म्हणजे?"

"म्हंजी चालत गेली. आईसंगं. जाताना माझ्याकडं भाकर मागून खाल्ली."

"आणि मावशी, आता साहेब कोण आहेत तिथं?"

बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. "नाव काय ते ध्यानात नाय येत बघा," हिराबाई म्हणाली. "हायेत कुणीतरी. ठेवू का आता? व्हरांडा पुसायचाय."